गच्ची सामाईक : लष्कर, ग्वाल्हेर इथल्या एका छताची हकीकत



परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. वरच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मोबाइलवर फोटो दाखवले. बेडरूमच्या छताला पिवळे डाग, कोपऱ्यात पोपडे सुटलेले. सगळ्यांनी फोटो पाहिले, हळहळ व्यक्त केली, आणि एका गृहस्थांनी निकाल देऊन टाकला, "आता पाऊस तर संपला. पुढच्या मे महिन्यात बघू." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला.

मी खजिनदार. सहसा हिशेबापलीकडे बोलत नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही. कारण "पाऊस संपला, आता पुढच्या वर्षी" हे वाक्य मी आयुष्यात एकदा स्वतः लिहून पाठवलं आहे. त्याची किंमत आमच्या घराने मोजली. ती हकीकत आज सांगतो. थोडा इतिहास येईल, थोडा चुना-गारा येईल. जुन्या माणसाचं लिखाण आहे, सांभाळून घ्या.

आपल्यापैकी जे गोव्याचे, बेळगाव-खानापूरकडचे आहेत, त्यांना छताची दुरुस्ती म्हणजे मृगाच्या आधीचं काम. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, आढ्यावरचे कोने नीट करायचे. तिथला पाऊस चार महिने धो धो, त्यामुळे जे करायचं ते त्याच्या आधी. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती तांबडी चपटी कौलं साऱ्या किनारपट्टीवर आणि घाटावर पसरली. पण चाळण्याचा मुहूर्त तोच राहिला.

आम्ही ग्वाल्हेरकर. आमचा पाऊस त्या मानाने थोडका, पण ऋतू टोकाचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, जानेवारीत पाचच्या खाली. आणि ऐन थंडीत, पौष-माघात, दोन-तीन दिवस झिमझिम पाऊस लागतो. त्याला आमच्याकडे मावठ म्हणतात. शेतकरी गव्हासाठी त्याची वाट पाहतो. घरमालक मात्र त्याला घाबरतो. म्हणून आमच्या जुन्या लोकांचा नियम होता : गच्ची पाहायची ती दसरा ते त्रिपुरी पौर्णिमा या मधल्या दिवसांत, थंडी बसायच्या आत.

आता थोडं मागे जाऊ. लष्कर हे आमच्या गावाचं नावच छावणीचं. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, हलवाई, सोनार, सगळे तंबूंत. तळ हलेल हलेल म्हणता हललाच नाही आणि तंबूंच्या ओळींच्या पेठा झाल्या. शिंदे की छावनी हे नाव आजही आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांचं इथलं पहिलं छत कापडाचं होतं. पुढे माती, लाकूड आलं, आणि पैसा आल्यावर दगड.

दगडाला तोटा नव्हता. ग्वाल्हेरच्या भोवती वालुकाश्मच वालुकाश्म. हा दगड थराथराने सुटतो, त्यामुळे त्याच्या लांबलचक फरश्या निघतात. आम्ही त्यांना पटिया म्हणायचो. आमच्या घरातल्या पटिया आठ-नऊ फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच-तीन इंच जाड होत्या. या भिंतीवरून त्या भिंतीवर, किंवा मध्ये लोखंडी गर्डर टाकून त्यावर, एकीला एक चिकटून मांडायच्या. खालून पाहिलं की छताला सरळ रेघा दिसायच्या. लहानपणी ताप आला की मी खाटेवर पडून त्या रेघा मोजत असे. आमच्या माजघराला अकरा पटिया होत्या.

छताच्या ताकदीवरून एक गोष्ट ग्वाल्हेरच्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते. जयाजीराव महाराजांच्या काळात, १८७४ साली, मायकल फिलोज यांनी जयविलास महाल बांधला. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती. छताला ते ओझं पेलेल का, हे पाहायला आठ हत्ती वर चढवले असं सांगतात. आमचे आजोबा ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "हत्तीने वजन कळतं. गळती कळायला पाणीच लागतं."

कारण पटियांच्या छताचं वर्म वजनात नसतं, सांध्यात असतं. दगड उन्हाने फुगतो आणि थंडीने आकसतो. फरक केसाएवढा, पण तो दर वर्षी होतो. जानेवारीच्या रात्री दगड सगळ्यांत जास्त आकसलेला असतो, म्हणजे सांधे सगळ्यांत जास्त उघडे असतात, आणि नेमकी तेव्हाच मावठ येते. ही झिमझिम वाहून जात नाही, मुरते. वर ऊन कोवळं, सकाळी अकरापर्यंत धुकं. श्रावणातली ओल भादव्याच्या उन्हात वाळते, पौषातली ओल होळीपर्यंत भिंतीत बसून राहते. मग लोणा लागतो, भिंत भुरभुरते. आणि त्याहून वाईट म्हणजे गर्डर गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं, आणि त्या फुगण्याने वरची पटिया तडकते.

हे सगळं मला आज कळतं. आजोबांना ते करूनच माहीत होतं.

आजोबा दरबारच्या हिशेब खात्यात होते. त्यांनी घराची एक लाल कापडी बांधणीची वही ठेवली होती. ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्यात किराणा, दूध, कुळाचार असे भाग आहेत, आणि शेवटी एक भाग आहे : "छत खाते". दर वर्षी एक पान. आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या नोंदीने सुरू होणारं.

कोजागिरीला सगळं घर गच्चीवर जमायचं. आटीव दूध, चारोळ्या, भेंड्या, आत्याचं गाणं. दूध पिऊन झालं की आजोबा म्हणायचे, "लक्ष्मी विचारते, कोण जागं आहे? चला, आपलं छत जागं आहे का बघू." मग दुसऱ्या दिवशी सकाळी पनाळ्यांची तोंडं चिंध्या कोंबून बंद करायची आणि आम्ही पोरांनी विहिरीवरून बादल्या वाहून गच्चीवर बोट-दीड बोट पाणी उभं करायचं. बायका खाली प्रत्येक खोलीत वर तोंड करून उभ्या. कुठे ओल उमटली की कोळशाने गोल काढायचा. संध्याकाळी आजोबा कंदील घेऊन गोल मोजायचे आणि वहीत लिहायचे : "माजघर १, देवघर ०, वरची खोली ३."

चार दिवस गच्ची वाळू द्यायची आणि मग मिस्त्री यायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांच्या बरोबर थापी घेतलेल्या पाच-सहा बायका.

चुन्याचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कळीचा चुना आधी पाण्यात विझवायचा आणि मुरू द्यायचा. त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालून चक्कीत मळायचा. चक्की म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. मळलेला चुना विटांच्या तुकड्यांत कालवून चार इंचांचा थर पटियांवर घालायचा, पनाळ्याकडे उतार ठेवून. मग बायकांनी ओळीने बसून लाकडी थापीने तो ठोकायचा. एक-दोन दिवस नाही, सात-सात दिवस. ठोकताना वरून गुळाचं आणि बेलफळाचं उकळलेलं पाणी शिंपडत राहायचं. थापी आपटली की उसळून वर यायला लागली म्हणजे थर बसला. त्या सात दिवसांत घरात झोप नसायची, पण बायका गाणी म्हणत ठोकायच्या, त्यामुळे आवाजाचं काही वाटायचं नाही.

हे सगळं पूर्ण नव्याने पंधरा-वीस वर्षांतून एकदाच. एरवी फक्त कोळशाच्या गोलांच्या जागी जुना थर खरवडून, तेवढाच तुकडा नव्याने ठोकायचा, कठड्याच्या बुडाशी गोळा नीट करायचा आणि पनाळ्याची तोंडं लिंपायची.

गूळ आणि बेल ही काही अंधश्रद्धा नव्हे. चुन्याच्या काँक्रीटच्या छताबद्दल भारतीय मानक संस्थेची स्वतंत्र संहिता आहे आणि तिच्यातही ते आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. आणि बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर थोडा चुना विरघळून त्या चिरेत परत बसतो, चीर आपोआप बुजते. पण या कामाला ऋतू लागतो. जेठाच्या उन्हात चुना धरायच्या आधीच वाळतो आणि तडकतो. पावसात धुऊन जातो. कडक थंडीत धरायलाच तयार नसतो. उरला शरद. ऊन आहे पण जाळणारं नाही, हवेत थोडी ओल आहे, आकाश स्वच्छ आहे. आश्विन-कार्तिकाचा नियम काही पंचांगातून आलेला नव्हता, तो चुन्यातून आलेला होता.

वहीतलं १९५३ सालचं पान समोर आहे. "चुना १२ मण, सुरखी ८ मण, गूळ ५ शेर, बेल ४० नग, थापीवाल्या बाया, उस्ताद, बैल भाडे. एकूण रुपये ६१ आणे ६." आणि खाली चार नावं, चार मुलांची, प्रत्येकापुढे रक्कम. मुलं त्या वेळी एकत्रच राहत होती, स्वयंपाक एक होता, तरी आजोबा छताचा खर्च चौघांच्या नावावर टाकत. माझे वडील नुकतेच नोकरीला लागलेले, त्यांच्या नावापुढे सगळ्यांत कमी. धाकटे काका शिकत होते, त्यांच्या नावापुढे चार आणे. ते त्यांनी खाऊच्या पैशांतून दिले असं आई सांगायची. मी बी.कॉम. झाल्यावर आजोबांना विचारलं होतं की एका घरात हे कशाला. ते म्हणाले, "बाळ, ज्याचं नाव खात्यावर असतं, त्यालाच गळकं छत दिसतं."

त्या काळात आणखी एक कारण होतं. १९४८ साली मध्य भारत राज्य झालं. त्याची उन्हाळी राजधानी इंदूर आणि हिवाळी राजधानी ग्वाल्हेर. थंडी पडू लागली की इंदूरकडचे कारकून, बाबू लष्करात खोल्या शोधत यायचे. आमची वरची खोली दर वर्षी एका इंदूरकर मराठी कुटुंबाला दिली जायची. ते दिवाळीचा फराळ तिकडे करून इकडे येत. आजोबांचा बाणा असा की भाडेकरूच्या अंथरुणावर एक थेंब पडता कामा नये. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला गेली आणि ती वर्दळ थांबली. छत खाते मात्र चालू राहिलं.

कुणी कंटाळा केला की आजोबा तिघऱ्याचं नाव काढायचे. तिघरा धरण १९१६ साली पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी, १९१७च्या ऑगस्टमध्ये, फुटलं. बांध दगडी, भक्कम. पण पाणी खालच्या वालुकाश्माच्या थरांत शिरलं होतं. आजोबा तेव्हा तरुण होते, त्यांच्या आठवणीतला तो पूर होता. ते म्हणायचे, "पाणी दगड फोडत नाही. ते दोन दगडांच्या मधे जागा शोधतं." घराच्या बाबतीत हे दोन भावांनाही लागू आहे, हे त्यांनी तेव्हा म्हटलं नाही. मला ते फार उशिरा कळलं.

१९६८ साली आजोबा गेले. १९७१ला वाटणीपत्र झालं. भांडण नव्हतं, सगळं हसतखेळत. खोल्यांची वाटणी, भांड्यांची वाटणी, विहीर सामाईक, आणि शेवटी तीन शब्द : "वरील गच्ची सामाईक." खर्च कुणी करायचा, किती, कधी, वही कुणाकडे, यातलं काही नाही. त्या वेळी कुणाला गरजही वाटली नाही.

पुढे मी बँकेत लागलो. पस्तीस वर्षांत शेकडो वाटणीपत्रं, गहाणखतं डोळ्यांखालून गेली. "गच्ची सामाईक" हे वाक्य दिसलं की मी पेन्सिलने बारीक खूण करत असे. सामाईक मालमत्ता ही ताळेबंदात सगळ्यांच्या जमेला असते आणि कुणाच्याच खर्चात नसते.

वाटणीत वरचा मजला धाकट्या काकांकडे आला, आमच्याकडे खालचा. काही वर्षं काकांनी कोजागिरीचं पाणी चालू ठेवलं, पदरचे पैसे घालून. बादल्या वाहायला पोरं उरली नव्हती, सगळी नोकऱ्यांच्या गावी. काकू एकट्याच खाली उभ्या राहून वर पाहायच्या. मग १९७९च्या सुमाराला तेही थांबलं. चुन्याच्या चक्क्याही तोवर बंद पडत आल्या होत्या. सिमेंट सगळीकडे मिळायला लागलं होतं आणि चुना म्हणजे मागासलेपणा असं वाटायला लागलं होतं.

१९८४च्या दसऱ्याला काकांचं पोस्टकार्ड आलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी शाखेत होतो, कर्ज विभाग माझ्याकडे. वडील आदल्या वर्षी गेले होते, म्हणून कार्ड माझ्या नावाने. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. गच्चीला या पावसात फार त्रास झाला. थंडीपूर्वी चुन्याचे काम पुरे करावे म्हणतो. उस्ताद म्हातारे झाले आहेत पण येतो म्हणाले. खर्च ४६०० होईल. चौघांत प्रत्येकी ११५० येतात. सवडीने पाठवावे."

मंडळी, त्या आठवड्यात मी घरदुरुस्तीची तीन कर्जं मंजूर केली होती. तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन छतं पाहिली होती. आणि काकांना मी उत्तर लिहिलं की वाटणीपत्रात खर्चाचं प्रमाण दिलेलं नाही, खालच्या मजल्याला गळतीचा उपद्रव नाही, आणि आता पाऊसही संपला आहे, तेव्हा पुढच्या वर्षी सगळे भेटू तेव्हा बोलू. मला वाटलं, किती व्यवस्थित पत्र लिहिलं. बाकीच्या दोन चुलत्यांनी उत्तरच पाठवलं नाही, म्हणजे मी त्यातल्या त्यात बरा, अशीही समजूत करून घेतली.

काकांनी परत काही लिहिलं नाही. एकट्याच्या ऐपतीत बसेल असं काम त्यांनी डिसेंबरात करून घेतलं. एका ठेकेदाराने जुन्या चुन्याच्या थरावर दीड इंच सिमेंटचा गिलावा ओढून दिला. छत चकचकीत दिसलं. पण खाली पावसाची ओल तशीच होती आणि ती वरून कोंडली गेली. शिवाय चुना ऋतूबरोबर थोडा हलतो, सिमेंट हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात गिलाव्याला जाळीसारख्या चिरा गेल्या. पाणी त्या चिरांतून आत जायचं आणि बाहेर पडायला वाट नसायची. खाली गर्डर गंजतच होता.

१९८६च्या जानेवारीत मावठ लागली. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. पहाटे मोठा आवाज झाला. वरच्या खोलीतल्या दोन पटिया तडकून एक गर्डरवरून सटकली होती. काका-काकू शेगडीपाशी म्हणून स्वयंपाकघरात झोपले होते, म्हणून वाचले. खाटेवर दगड पडला होता.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. काका मला काही बोलले नाहीत. चहा दिला, प्रवासाचं विचारलं. काकू मात्र म्हणाल्या, "बाळ, वर बघ." वर पाहिलं तर छताच्या रेघांमधून आकाश दिसत होतं, आणि बाजूच्या पटियेवर आजोबांच्या वेळचा कोळशाचा एक गोल अजून पुसट दिसत होता.

ते दोघे त्याच महिन्यात मुलाकडे नागपूरला गेले. "थंडी संपली की येऊ" म्हणून गेले, ते परत राहायला आले नाहीत. रिकाम्या मजल्याला पावसाने दोन-चार वर्षांत पुरतं खाल्लं. १९९१ला चौघांनी मिळून घर विकलं. सही करायला काका आले होते. सही झाल्यावर त्यांनी पिशवीतून आजोबांची वही काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तू हिशेबातला माणूस. तुझ्याकडे असू दे." एवढंच. मी त्यांच्या पाया पडलो, पण जे म्हणायचं होतं ते तेव्हाही तोंडातून निघालं नाही. पुढे काही वर्षांनी ते गेले.

घर पाडत होते तेव्हा मी एकदा जाऊन उभा राहिलो. सिमेंटचा थर फावड्याच्या धक्क्याने पापडासारखा सुटत होता. त्याच्या खालचा चुन्याचा थर घणानेही लवकर फुटेना. मजूर वैतागले होते. त्यातला मुठीएवढा तुकडा मी उचलून आणला. तो आणि वही कपाटात एकाच खणात आहेत.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर दुरुस्ती हा महसुली खर्च असतो. तो दर वर्षी करायचा आणि विसरायचा. तो वाचवला की बचत झाल्यासारखं वाटतं, पण ती बचत नसते. ती रक्कम एक दिवस भांडवली तोटा होऊन समोर येते. मी ११५० रुपये वाचवले. घर विकून माझ्या वाट्याला त्याच्या कितीतरी पट आले. आणि माझ्या मते तो आमच्या घराण्याच्या वहीतला सगळ्यांत मोठा तोट्याचा व्यवहार आहे.

आता कामाचं. ज्यांची जुनी दगडी किंवा चुन्याची छतं अजून उभी आहेत, इंदूर, उज्जैन, झाशी, सागर, कुठेही, त्यांनी कृपा करून त्यावर सिमेंट किंवा डांबर ओढू नका. आमच्या उन्हात डांबराला फोड येतात. चुन्याचं काम करणारे लोक जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीमुळे पुन्हा तयार होत आहेत, शोधलं तर मिळतात. आणि जुन्या, तडकलेल्या छतावर पाणी उभं करून पाहू नका. शंभर चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २३६ किलो वजन होतं. आजोबांचं छत धडधाकट होतं म्हणून ते करू शकले.

ज्यांचा स्लॅब काँक्रीटचा आहे त्यांनी दसऱ्यानंतर एका रविवारी छताचे डाग पाहून पेन्सिलने त्यांची कड आखावी आणि तारीख घालावी. पावसाने दाखवलेल्या या खुणा मे महिन्यापर्यंत पुसट होतात, आणि मग ठेकेदार सांगेल ते खरं मानावं लागतं. आधी पाण्याच्या वाटा साफ करा. बहुतेक गळती स्लॅबच्या मधून होत नाही. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा, पाइप बाहेर पडतो ती जागा, टाकीचे पाय, इथून होते. आधी या जागा दुरुस्त करा, मग छत पूर्ण वाळू द्या, आणि मगच रंगासारखं जलरोधक लावा. ओलीवर लावलं की आमच्या काकांच्या गिलाव्यासारखी गत होते. डब्यावर किती तापमानाखाली लावू नये ते छापलेलं असतं, तेही वाचा. म्हणून म्हणतो, दसरा ते त्रिपुरी पौर्णिमा.

आणि ज्यांच्या घरात वाटणीपत्र व्हायचं आहे त्यांनी "गच्ची सामाईक" एवढ्यावर थांबू नये. पुढे चार ओळी लिहाव्यात : खर्चात कुणाचा किती हिस्सा, कोणत्या महिन्यात पाहणी, पैसे कुठल्या खात्यात, आणि वही कुणाकडे. भावांचं प्रेम असतंच. प्रेम असतानाच या ओळी लिहून होतात.

सोसायटीच्या त्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ कुणाला आहे. फक्त म्हणालो की मेपर्यंत थांबायचं नाही, आणि प्रत्येक फ्लॅटमागे महिना शंभर रुपये छताच्या वेगळ्या खात्यात जमा करायचे, तळमजल्यासह. तळमजल्यावरच्या एका तरुणाने विचारलं, "काका, आमच्याकडे कुठे गळतंय?" बरोब्बर माझंच चाळीस वर्षांपूर्वीचं पत्र. मी रागावलो नाही. म्हटलं, संध्याकाळी घरी चहाला ये. तो आला. त्याला वही दाखवली, चुन्याचा तुकडा हातात दिला. जाताना त्याने पहिले शंभर रुपये दिले. पावती मी जुन्या वहीतच लिहिली, "छत खाते" या भागात, १९७९नंतरच्या पहिल्या कोऱ्या पानावर.

पुढच्या आठवड्यात काम सुरू होतंय. वरच्या वहिनींच्या खोलीतल्या डागांना पेन्सिलने कड आखून झाली आहे.

तुमच्या घरी अशी जुनी वही, छताची किंवा विहिरीची, असेल तर खाली जरूर लिहा. आणि आज संध्याकाळी एकदा वर जाऊन पनाळ्यात पानं अडकली नाहीत ना, तेवढं बघून या.